स्टिअरिंग हलकं झालं? टायरची पकड सुटली!

रेसिंग गेमचा खरेपणा ग्राफिक्सपेक्षा हातांना जास्त कळतो. इटलीच्या कुनोस कंपनीच्या 'असेटो कोर्सा'मध्ये जर्मनीतला नुर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लायफ ट्रॅक लेझर स्कॅन करून घेतलाय. सुमारे २०.८ किलोमीटरचा! त्यावरचे बारीक उंचवटेसुद्धा गेमिंग स्टिअरिंग व्हीलमधली फोर्स फीडबॅकची मोटर तळहातापर्यंत पोचवते.

वळणात वेग जास्त झाला की पुढच्या टायरची पकड सुटते आणि जड लागणारं स्टिअरिंग एकदम हलकं पडतं. अशा वेळी आणखी वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, पकड परत येते. कीबोर्डवर हे जाणवणं अशक्यच.

ब्रेकचंही तसंच. लोड सेलवालं पेडल पायाचा दाब मोजतं, पेडल किती खाली गेलं ते नाही. बजेट बेताचं असेल तर महागड्या व्हीलआधी चांगला ब्रेक घ्या.