रोवणीच्या हातांना कोणतं कुलूप?

आषाढात वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातल्या कारध्याच्या बांध्यांमध्ये पाणी साचलं की धानाची रोवणी सुरू होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात चिखलात असतात. पऱ्ह्यांच्या जुडीतून दोन-चार रोपं सोडवायची, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांच्या चिमटीत धरायची आणि चिखलात रोवायची. दिवसभर हेच. या दिवसांत घराघरांत एक तक्रार ऐकू येते, "मोबाइल बोट घेत नाही." रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनपुढे तीच तक्रार वेगळ्या शब्दांत असते, "अंगठा लागत नाही." मग कुणीतरी सुचवतं, "चेहरा लावून टाका, कटकट मिटेल."

कटकट मिटते हे खरं. पण चेहऱ्याचं कुलूप बोटाइतकं पक्कं असतं का? आता हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. बँकेचं खातं, पीक विमा, पेन्शन, लेकरांचे फोटो असं सगळं त्या एका फोनमध्ये असतं. ऑक्टोबर २०२५ पासून तर यूपीआयच्या व्यवहारांनाही पिनऐवजी बोट किंवा चेहरा वापरण्याची सोय सुरू झाली आहे. म्हणून या दोन्ही कुलपांच्या आत काय चालतं, ते समजून घ्यायला हवं.

बोटाची नक्षी

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून घडू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत कायम होतात. त्यांचा ढोबळ आकार जनुकं ठरवतात. बारकावे मात्र गर्भातला दाब आणि कातडीच्या वाढीचा वेग अशा गोष्टींवर अवलंबून असतात. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचे ठसेही वेगळे असतात.

या नक्षीचा मूळ साचा कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरांच्या सीमेवर असतो. म्हणून वरची कातडी झिजली तरी काम थांबल्यावर काही आठवड्यांत नवी कातडी येते आणि तीच नक्षी पुन्हा वर येते. खोल जखम झाली किंवा भाजलं तरच ती कायमची बिघडते.

ठशांच्या शास्त्राचा मोठा भाग आपल्याच देशात घडला. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका कंत्राटावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठशांची वर्गवारी करण्याची तिथली पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढे ती पद्धत जगभर गेली. रेषा कुठे संपते आणि कुठे दुभंगते, या खुणा फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ च्या आपल्या पुस्तकात नोंदवल्या होत्या. बोट ओळखणारी यंत्रं आजही मुख्यतः त्याच खुणा शोधतात.

फोनमध्ये बोट वाचणारे सेन्सर तीन प्रकारचे असतात. फोनच्या बाजूच्या किंवा मागच्या बटणात असतो तो विद्युतधारिता मोजणारा. त्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म चौकोनांची जाळी असते. रेषेचा उंचवटा चौकोनाला टेकला की एक मोजमाप येतं आणि दोन रेषांमधल्या खाचेत हवा असली की वेगळं. या फरकातून ठशाचं चित्र तयार होतं. दुसरा प्रकार स्क्रीनखालचा, प्रकाशावर चालणारा. स्क्रीन बोटावर उजेड टाकते आणि खालचा बारीक कॅमेरा फोटो घेतो. तिसरा ध्वनीचा. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी बोटावर आपटून परत येतात आणि त्यांवरून उंचवटे व खाचा मोजल्या जातात. सॅमसंगनं २०१९ मध्ये गॅलेक्सी एस-१० मध्ये तो आणला. ओल्या बोटाला तो इतरांपेक्षा बरा, पण तो बहुतेक महागड्या फोनमध्येच असतो.

रोवणीच्या दिवसांत काय होतं ते आता लक्षात येईल. रोपं, चिखल आणि पाणी मिळून उंचवटे घासतात. खाचांमध्ये पाणी भरलं की उंचवटा आणि खाच यांतला विजेचा फरकच उरत नाही आणि सेन्सरला सपाट पृष्ठभाग दिसतो. शिवाय बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांना सुरकुत्या पडतात. बोटाच्या टोकाशी असलेल्या रक्तवाहिन्या मज्जातंतूंच्या आज्ञेनं आकसतात म्हणून हे होतं. बोटाचा मज्जातंतू तुटला असेल तर त्या बोटाला अशा सुरकुत्या पडत नाहीत. सुरकुतीमुळे रेषांची जागा सरकते आणि नोंदवलेल्या ठशाशी मेळ बसत नाही.

पौष-माघाच्या थंडीत उलटा त्रास. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात आणि बोट नीट टेकत नाही. भंडारा जिल्ह्यात हा त्रास फक्त धानापुरता नाही. विडी वळणारे, तेंदूपत्ता तोडणारे, पितळेची भांडी घडवणारे, सिमेंट कालवणारे अशा सगळ्यांची बोटं कामानं झिजतात. वय वाढतं तशी कातडीची लवचीकता कमी होते आणि ठसा आणखी पुसट येतो. यात दोष त्या हातांचा नाही. यंत्राला अशा हातांची सवय नाही.

चेहऱ्याचे दोन प्रकार

"माझा फोन चेहऱ्यानं उघडतो" असं दोन माणसं म्हणतात, तेव्हा त्यांच्या फोनमधली यंत्रणा अगदी वेगवेगळी असू शकते.

पहिल्या प्रकारात फोन सेल्फीचाच कॅमेरा वापरतो. चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकीय जाळं त्याचं रूपांतर आकड्यांच्या यादीत करतं. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत चेहऱ्यासाठी १२८ आकडे पुरत होते. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळजवळ येतात आणि दोन माणसांचे दूर जातात. पण साध्या फोटोत खोली नसते. नाक किती पुढे आहे, डोळे किती खोल आहेत, हे कॅमेऱ्याला नीट कळत नाही. उजेड कमी झाला की तो अडतो, आणि कधी कधी छापलेल्या फोटोलाही फसतो. नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेनं ११० फोन तपासले आणि निकाल २०१९ च्या सुरुवातीला जाहीर केला. त्यांतले ४२ फोन मालकाचा फोटो समोर धरताच उघडले होते.

दुसऱ्या प्रकारात चेहऱ्याची खोली मोजली जाते. अ‍ॅपलनं २०१७ मध्ये आयफोन एक्समध्ये फेस आयडी आणलं. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ३० हजारांहून अधिक ठिपके चेहऱ्यावर टाकले जातात. नाकावर, गालावर, कपाळावर ठिपके कसे सरकतात, ते अवरक्त कॅमेरा टिपतो आणि त्यावरून चेहऱ्याचा उंचसखल नकाशा बनतो. कागदाचा फोटो सपाट असल्यानं तिथेच पकडला जातो. प्रकाश यंत्र स्वतःच पुरवत असल्यामुळे वीज गेलेल्या घरातल्या अंधारातही हे कुलूप उघडतं. गावात विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त फोनमध्ये मात्र पहिलाच प्रकार असतो.

आपला अँड्रॉइड फोन कोणत्या प्रकारचा, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. अँड्रॉइडमध्ये या कुलपांचे भक्कमपणानुसार तीन वर्ग केलेले आहेत आणि पैशांची अ‍ॅप सहसा सर्वांत भक्कम वर्गच स्वीकारतात. तुमचा फोन चेहऱ्यानं उघडत असेल, पण बँकेचं अ‍ॅप फक्त बोटच मागत असेल, तर त्या चेहऱ्यावर बँकेचा भरवसा नाही, असं समजावं.

रेघ कुठे ओढायची?

बोट असो की चेहरा, फोन कधीच "हा तोच माणूस" असं ठामपणे सांगत नाही. आजचा ठसा नोंदवलेल्या ठशाशी किती जुळतो, एवढंच तो मोजतो. जुळणी ठरलेल्या रेघेच्या वर गेली तर कुलूप उघडतं. कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेची इशारा पातळी ठरवताना जो पेच असतो, तोच इथे असतो. ती रेघ फार खाली ठेवली तर प्रत्येक सरीला गाव रिकामं करावं लागेल आणि फार वर ठेवली तर पाणी घरात शिरल्यावर इशारा मिळेल. फोनमध्ये रेघ कडक केली तर मालकच बाहेर अडतो आणि सैल केली तर परका आत येतो.

अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार एखाद्या अनोळखी माणसाच्या बोटानं फोन उघडण्याची शक्यता ५० हजारांत एक आहे आणि फेस आयडीच्या बाबतीत ती दहा लाखांत एकाहून कमी. पण पाच बोटं नोंदवली की पहिली शक्यता पाचपट, म्हणजे १० हजारांत एक होते. चेहऱ्याचा आकडाही जुळी भावंडं, एकसारखी दिसणारी सख्खी भावंडं आणि १३ वर्षांखालची मुलं यांना लागू नाही, असं कंपनी स्वतःच सांगते. बापलेक किंवा बहिणी-बहिणी एका वळणाच्या असतील, तर हे ध्यानात ठेवायला हवं.

चेहरा ओळखण्यात आणखी एक खोट आहे. यंत्राला ज्या चेहऱ्यांवर शिकवलं जातं, तेच त्याला नीट ओळखता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं डिसेंबर २०१९ मध्ये १८९ चेहरा-प्रणालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाला दुसरा समजण्याची चूक अनेक प्रणालींमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्यांपेक्षा १० ते १०० पट अधिक आढळली. उन्हात रापलेला आणि मे महिन्यात दुपट्ट्यात गुंडाळलेला चेहरा ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांनी घडवलेलं यंत्र आपण जपूनच वापरावं.

बोटाचं कुलूपही अभेद्य नाही. आयफोन ५-एस सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबनं काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो घेतला, त्यावरून नकली बोट बनवलं आणि फोन उघडून दाखवला. झोपलेल्या माणसाचं बोट सेन्सरवर टेकवणंही अवघड नाही. फेस आयडी मात्र डोळे उघडे आहेत आणि नजर फोनकडे आहे, हे तपासतं. सगळेच फोन एवढी काळजी घेत नाहीत. २०१९ चा पिक्सेल ४ मिटलेल्या डोळ्यांनाही उघडत होता आणि ही उणीव गूगलला नंतर दुरुस्त करावी लागली.

फोनमधला ठसा आणि सरकारातला ठसा

फोनमधला ठसा किंवा चेहरा हा चित्र म्हणून साठवला जात नाही. त्याचं आकड्यांत केलेलं रूप फोनच्याच एका सुरक्षित कप्प्यात राहतं आणि चांगल्या फोनमध्ये ते कंपनीकडेही जात नाही. आधारचं तसं नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तेव्हापासून दहा बोटं, दोन्ही डोळे आणि चेहरा यांची नोंद मध्यवर्ती साठ्यात होते. रेशन दुकानात अंगठा टेकवला की जुळणी तिथे होते.

इथे रोवणीच्या हातांचा प्रश्न गंभीर होतो. फोननं बोट घेतलं नाही तर आपण पिन टाकतो. मशीननं घेतलं नाही तर धान्य थांबतं. म्हणूनच सरकारी योजनांमध्ये चेहऱ्याची वाट उघडली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेन्शनधारकांच्या जीवन प्रमाणपत्रासाठी आणि जून २०२३ मध्ये पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी चेहऱ्याची पडताळणी सुरू झाली. झिजलेल्या अंगठ्यांना हा मोठा दिलासा आहे. पण हीच वाट सक्तीची केली की नवी अडचण उभी राहते. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी जुलै २०२५ पासून चेहरा जुळवणं आवश्यक झालं. जिथे नेटवर्क नसतं किंवा सेविकेचा फोन जुना असतो, तिथे त्याचा भार गर्भार बाईवर आणि लेकरावर पडतो.

पिन बदलता येतो. बोटं दहाच आहेत आणि चेहरा एकच, ते बदलता येत नाहीत. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे वापरून नकली ठसे बनवले गेले आणि आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून पैसे काढले गेले. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आणि आधारच्या अ‍ॅपवर आहे. ती वापरावी आणि गरजेच्या वेळीच कुलूप उघडावं.

मग निवडायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. साधा सेल्फी कॅमेरा असलेल्या फोनमध्ये चेहऱ्याचं कुलूप पैशांसाठी भरवशाचं धरू नये, बोटच वापरावं. खोली मोजणारा कॅमेरा असेल तर कष्टकरी हातांसाठी चेहराच चांगला. बोट नोंदवताना रोवणीत झिजणारा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं टाळावीत. डाव्या हाताची अनामिका तुलनेनं शाबूत राहते, तिची नोंद दोनदा करावी. सेन्सर पुसावा आणि बोट कोरडं करावं. थंडीत कातडी फारच कोरडी असेल तर बोटावर फुंकर मारून पाहावी. आणि खरं कुलूप पिनच आहे, हे विसरू नये. फोन बंद करून सुरू केल्यावर तो पिनच मागतो. चार आकड्यांच्या पिनाच्या १० हजार शक्यता असतात आणि सहा आकड्यांच्या दहा लाख. म्हणून सहा आकडी ठेवावा आणि त्यात जन्मसाल नसावं.

सरकारी यंत्रांबाबत मागणी एवढीच की, बोट, डोळा, चेहरा, ओटीपी आणि शेवटी वहीत सही, यांतली एक तरी वाट प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक अंगणवाडीत उघडी असावी. बोट जुळलं नाही एवढ्या कारणानं धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. अंगठा लागला नाही म्हणून कुणी रिकाम्या हातानं परत पाठवत असेल, तर हा नियम सांगा आणि तहसील कार्यालयात लेखी तक्रार द्या. धान पिकवणाऱ्या हातांना धान्यासाठी स्वतःची ओळख पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागू नये.