घरच्या डाळिंबाची गुटी

नगरच्या जुन्या वाड्यांतून परसदारीं एखादें डाळिंबाचें झाड उभें दिसे. त्यासाठीं कोणी मुद्दाम आळें खणीत नसे, कीं आडाचें पाणी शेंदीत नसे. मोरीचें पाणी जिकडे वाहून जाई तिकडेच तें वाढे, आणि घरच्यांच्या आंघोळींवर व भांडीं धुण्यावर सुखानें पोसलें जाई. तापांतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून त्याचे दाणे, मुलांचें पोट बिघडलें तर वाळवून ठेवलेली त्याची साल, आणि खोकल्याची ढास लागली तर दाढेखालीं धरावयास त्याच सालीचा तुकडा, अशी त्याची घरगुती कीर्ति होती. आज असे वाडे पाडून त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. वाडा सोडण्याचा दिवस ठरला, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांपुढें एक प्रश्न येतो. देव हलविले, भांडीं हलविलीं, पण या झाडाचें काय करावें?

पंचवीस-तीस वर्षांचें झाड मुळांसकट उपटून दुसरीकडे लावणें बहुधा साधत नाहीं. तेव्हां एखादें पिकलेलें फळ फोडावें आणि त्याचे दाणे नव्या जागीं पेरावे, हा पहिला आणि सोपा विचार. दाणे रुजतात, रोपेंही जोमानें वाढतात. परंतु तीन-चार वर्षें पाणी घातल्यावर जें फळ हातीं येतें, तें जुन्या झाडाचें नसतें. दाणा फिकट, बी टणक आणि चव आंबट, असा अनुभव पुष्कळांच्या वाट्यास येतो. यांत लावणाराचा दोष नाहीं. बियांचें रोप हें झाडाचें अपत्य होय, आणि अपत्य आईवरच जाईल असा नेम जसा माणसांत नाहीं, तसा डाळिंबांतही नाहीं. फूल फळतें तेव्हां मधमाशीनें दुसऱ्या झाडाचा पराग आणलेला असूं शकतो; आणि आपलाच पराग मिळाला तरी आईच्या अंगीं दडून असलेले गुण नव्या रोपांत निराळ्या जुळणीनें प्रकट होतात.

बियांच्या या लहरीपणाचा एकदां मात्र महाराष्ट्राला मोठा लाभ झाला. पुण्याजवळ गणेशखिंड येथील फळबाग केंद्रांत आळंदी जातीच्या डाळिंबाच्या बियांपासून वाढविलेल्या रोपांतून डॉ. चीमा यांनीं १९३६ सालीं एक झाड निवडलें. त्याचें बी मऊ आणि दाणा गोड होता. पुढें १९७० मध्यें त्याला 'गणेश' हें नांव मिळालें. नगर जिल्ह्यांत राहुरी येथें १९६८ सालीं स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें याच गणेशाचा 'गुल-ए-शाह रेड' या लाल दाण्याच्या परदेशी जातीशीं संकर केला, आणि त्या संततींतून निवड करीत करीत मृदुला, आरक्ता आणि २००३-०४ मध्यें भगवा या जाती बागाईतदारांच्या हातीं दिल्या. या प्रत्येक वेळीं नवें झाड बियांनीं दिलें हें खरें. परंतु त्या एकाचीं हजारों झाडें केलीं तीं कलमांनीं. बियांतून नवें झाड जन्मास येतें, कलमांतून तेंच झाड पुढें चालतें. घरचें झाड राखावयाचें असेल तर कलमच केलें पाहिजे. फांदीचे तुकडे मातींत खोंवूनही डाळिंब येतें; पण घरच्या घरीं अधिक भरंवशाचें कलम म्हणजे गुटी.

गुटी म्हणजे फांदी झाडावर असतांनाच तिला मुळें फोडावयास लावणें. हें घडतें कसें, तें समजून घेतलें म्हणजे हात चुकत नाहीं. जमिनींतलें पाणी फांदीच्या आंतील लाकडांतून वर चढतें. पानांनीं तयार केलेला अन्नरस मात्र सालीच्या आंतल्या अंगानें खालीं उतरतो. फांदीवरची साल कड्यासारखी गोल काढून टाकली, तर वर जाणारें पाणी अडत नाहीं, म्हणून फांदी सुकत नाहीं. परंतु खालीं येणारा अन्नरस कापाच्या वरच्या कांठाशीं अडतो. कोंवळ्या शेंड्यांत तयार होणारें, मुळें फोडण्यास चेतना देणारें द्रव्यही त्याच्याबरोबर तेथेंच सांचतें. त्या जागीं ओल आणि काळोख मिळाला, कीं तेथून मुळें निघतात. स्वतःचीं मुळें येईपर्यंत फांदीला जुनें झाड पाणी पाजीत असतें. गुटीची खात्री अधिक ती यामुळेंच.

परंतु कलमांतून तेंच झाड पुढें चालतें, या वाक्याला दुसरी बाजू आहे. झाडाचा गोडवा जसा पुढें जातो, तसा त्याचा रोगही पुढें जातो. डाळिंबाचा 'तेल्या' रोग भारतांत प्रथम १९५२ सालीं दिल्लीकडे नोंदला गेला. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत त्यानें महाराष्ट्रांतील बागांचें अतोनात नुकसान केलें आणि कित्येक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. हा रोग सूक्ष्म जंतूंचा आहे. पावसाच्या थेंबांबरोबर तो एका झाडावरून शेजारच्या झाडावर उडतो. पण एका गांवाहून दुसऱ्या गांवीं तो जातो तो मुख्यतः रोगट झाडांच्या कलमांतून. गुटीला लागणारी दमट हवाच त्यालाही मानवते. म्हणून चाकू हातीं घेण्यापूर्वीं झाडाची परीक्षा करणें हें पहिलें काम होय. पानांवर तेलाचा थेंब पडून पसरावा तसे ठिपके आहेत काय, फांद्यांच्या पेऱ्यांवर तपकिरी-काळे चट्टे व भेगा आहेत काय, आणि गेल्या पावसाळ्यांतील फळांवर काळे डाग पडून तीं उकललीं होतीं काय, हें पाहावें. उन्हाळ्यांत रोगट फांदीही निरोगी दिसूं शकते, म्हणून मागील पावसाळ्याची आठवण अवश्य विचारांत घ्यावी. एकेक फांदी पिवळी पडून झाड वाळत चाललें असेल, तर तो 'मर' रोग असण्याचा संभव असतो. अशाही झाडाची गुटी घेऊं नये.

झाड निर्दोष ठरलें, म्हणजे मृग नक्षत्राचा पाऊस पडून हवेंत ओलावा आल्यावर कामास लागावें. जून अखेरपासून ऑगस्टपर्यंतचा काळ उत्तम. एक वर्षाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, सरळ आणि दीड-दोन फूट लांब फांदी निवडावी. चाकू स्पिरिटनें पुसून घ्यावा. पेऱ्याच्या खालीं एक ते सव्वा इंच रुंदीचें सालीचें कडें काढावें आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनें खरवडून टाकावा. हा थर राहिला तर साल पुन्हां सांधली जाते, अन्नरसाला वाट मिळते आणि मुळें फुटत नाहींत. पुष्कळांच्या गुट्या फसतात त्या येथेंच. मुळें फोडणारी भुकटी किंवा मलम मिळत असेल तर कापाच्या वरच्या कांठाला थोडें लावावें. मग रोपवाटिकेंत मिळणारें स्पॅग्नम शेवाळ पाण्यांत भिजवून घट्ट पिळावें, लिंबाएवढा गोळा कापाभोंवतीं बसवावा, वरून पॉलिथीनचा कागद गुंडाळावा आणि दोन्ही टोकें सुतळीनें आवळून बांधावीं. आंत पाणी सांचून राहिलें तर मुळें कुजतात. नगरकडे मात्र पाऊस मधूनच पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो. अशा वेळीं गोळा चाचपून पाहावा आणि कोरडा लागला तर वरची गांठ सैल करून थोडें पाणी द्यावें. एकीवर न थांबतां चार-पांच फांद्यांवर गुट्या बांधाव्या. सगळ्याच लागतात असें नाहीं.

महिना-दीड महिन्यानें कागदांतून पांढरीं मुळें दिसूं लागतात. येथें उतावीळ होऊं नये. पांढरीं मुळें फार नाजूक असतात. त्यांचा रंग तपकिरी होईपर्यंत वाट पाहावी. नंतर गुटीच्या खालीं अर्धा काप द्यावा आणि आठवड्यानें तो पुरा करावा, म्हणजे फांदीला जुन्या झाडावांचून राहण्याची संवय होते. पाऊस पडत असतांना काप देऊं नये. कागद अलगद काढावा, मुळांचा गोळा मोडूं न देतां माती आणि कुजलेलें शेणखत भरलेल्या पिशवींत लावावा, अर्धीं पानें कमी करावीं आणि पिशवी दोन-तीन महिने सांवलींत ठेवावी. नवी पालवी येऊन ती पक्की झाली, कीं रोप हळूहळू उन्हांत आणावें.

अंगण असेल तर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून झाड लावावें. नसेल तर गच्चीवर दीड-दोन फुटांचें पिंपही चालतें. मात्र पाण्याचा निचरा हवा आणि दिवसाचें ऊन हवें. बुंध्याशीं येणाऱ्या फुटव्यांपैकीं तीन-चार राखून बाकीचे काढीत जावे. फुलें येऊं लागलीं, कीं बरींच गळूनही पडतात आणि घरच्यांचा जीव खालीं-वर होतो. डाळिंबाला दोन तऱ्हांचीं मुख्य फुलें असतात. बुडाशीं निमुळतें, घंटेसारखें फूल नराचें, तें गळावयाचेंच. बुडाशीं फुगीर, कलशासारखें फूल धरतें. कळीपासून फळ तयार होण्यास सुमारें सहा महिने लागतात.

औषध म्हणून या झाडाची थोरवी खरी. पण तिला मर्यादा आहे. फळाच्या सालींत तुरट द्रव्य विपुल असल्यानें ती आयुर्वेदांत अतिसारावर सांगितली आहे. मुळाच्या सालीची गोष्ट निराळी. तींतून पेलेटिअरिन हें द्रव्य फ्रेंच रसायनज्ञ तांरे यांनीं १८७८ मध्यें वेगळें केलें, आणि चपट्या जंतांवर त्याचा उपयोगही होत असे. परंतु मात्रा वाढल्यास घेरी येते, दृष्टीस अपाय होतो. घरांत झाड आहे म्हणून त्याचें मूळ उगाळून कोणास देऊं नये, आणि लहान मुलाचा अतिसार थांबत नसेल तर सालीवर विसंबून डॉक्टरकडे जाण्यास उशीर करूं नये.

वाडा सोडावयाचा आहे आणि झाड निर्दोष आहे, अशा घरानें एक पावसाळा आधीं गुट्या बांधाव्या. झाड रोगट निघालें तर मोह आवरावा, आणि शासनमान्य रोपवाटिकेंतून निरोगी रोप आणून नव्या घरीं लावावें. आजीच्या हातचें झाड म्हणून रोग नव्या अंगणांत नेण्यानें आजीची आठवण राहत नाहीं, शेजाऱ्याची बाग मात्र जाते. परंतु झाड चांगलें असेल, तर एक चाकू, मूठभर शेवाळ आणि दीड महिन्याचा धीर एवढ्यावर तेंच झाड, त्याच चवीचीं फळें घेऊन, नातवंडांच्या गच्चीवर पुन्हां फुलूं शकतें.