खाऱ्या वाऱ्यातला लॅपटॉप

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेरीची यादी लागली की मालवणजवळच्या तोंडवली-तळाशीलच्या घराघरांत आधी पेढे येतात आणि पाठोपाठ एकच प्रश्न येतो: लॅपटॉप कुठला घ्यायचा? नंबर कणकवलीला लागलेला असो, रत्नागिरीला, नाहीतर पुण्याला. मला विचारणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी एकच सांगतो. आत्ता घेऊ नका. चतुर्थीपर्यंत थांबा.

याचं पहिलं कारण घरच्या पैशाचं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर, आंब्याचा हंगाम सरलेला, आणि नेमक्या याच दिवसांत होस्टेलची अनामत, मेसचा आगाऊ हप्ता, प्रवेशाचा खर्च असं सगळं अंगावर येतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलं, ही मोठी गोष्ट झाली. लॅपटॉप मात्र घरच्याच खिशातून येतो. मग दुकानातला सुलभ हप्ता गोड वाटू लागतो. शैक्षणिक कर्ज घेणारच असाल, तर अभ्यासाला लागणाऱ्या संगणकाची किंमतही त्यात धरता येते, हे बँकेत आवर्जून विचारा. बरेच पालक विचारतच नाहीत.

दुसरं कारण अभ्यासाचं. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग आणि थोडं सी नाहीतर पायथॉन असतं. त्या प्रोग्रामना कुठलंही साधं यंत्र पुरतं, आणि कॉलेजची लॅब असतेच. महिनाभर वर्गात बसलं की आपल्या शाखेचे सीनियर काय वापरतात ते मुलाला कळतं. मेकॅनिकलवाल्याला सॉलिडवर्क्स लागलं तर ते विंडोजवरच चालतं. हौसेने घेतलेलं मॅकबुक तिथे अडतं. कॉलेजांनी प्रवेशपत्रासोबतच शाखावार एक पानाची यादी दिली तर किती घरांचे पैसे वाचतील!

थांबण्याविरुद्ध एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे: मेमरी महागली. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप्सची मागणी इतकी वाढवली, की मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ‘आता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हे जुनं गणित मोडलं. शिवाय बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती वाढवताच येत नाही. म्हणून उशिरा घ्या, पण १६ जीबीचाच घ्या. ५१२ जीबीची एसएसडी पुरे. प्रोसेसर ‘आय फाइव्ह’ आहे एवढ्यावर भुलू नका, तो कुठल्या पिढीचा आहे ते विचारा.

मला खरं बोलायचं आहे ते खाऱ्या वाऱ्याबद्दल. तळाशीलला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथे सायकलची चेन गंजते, खिडकीच्या बिजागऱ्या फुगतात. लॅपटॉप कसा सुटेल? मालवणात अनेक वर्षं लॅपटॉप उघडणारा एक दुरुस्तीवाला मला ओळखीचा आहे. तो बोर्ड उलटा करून दाखवतो: चार्जिंगच्या खाचेपाशी तांब्यावर चढलेला हिरवा थर, पंख्यात चिकट, ओलसर धूळ. वाऱ्यातलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि त्या ओल्या थरातून नको तिथे वीज वाहू लागते. वॉरंटीत अशी गंजलेली यंत्रं बहुधा बसत नाहीत.

त्याचं म्हणणं मला पटलं ते असं: यंत्र जितकं तापतं तितका पंखा जास्त वारा ओढतो आणि तितकं मीठ आत जातं. म्हणजे मुलगे हट्टाने मागतात तो गेमिंग लॅपटॉप आपल्या किनाऱ्याला सगळ्यात वाईट. त्याचा वजनदार चार्जर घरच्या इन्व्हर्टरवरही भार टाकतो. तौक्ते वादळानंतर, २०२१ च्या मे महिन्यात, आपण किती दिवस अंधारात काढले ते आठवा. ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर चालणारं, दीर्घ बॅटरीचं साधं यंत्र इथे जास्त शहाणपणाचं. मशीन लर्निंग शिकणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड हवंच असं वाटत असेल, तर गुगल कोलॅबवर ते थोडंफार फुकट मिळतं. कॉलेजच्या नेटवर काम भागतं.

मुंबईचा मामा चतुर्थीला ऑफिसातला जुना थिंकपॅड नाहीतर लॅटिट्यूड आणतो म्हणाला, तर नाक मुरडू नका. ही यंत्रं उघडायला सोपी, सुटे भाग मिळणारी. फक्त प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि आठव्या पिढीहून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

नवं घेताना दुकानदाराला आपला पिनकोड सांगा आणि दुरुस्तीला माणूस घरी येईल का, ते बिलावर लिहून घ्या. नाहीतर यंत्र घेऊन कोल्हापूरच्या फेऱ्या ठरलेल्याच.

पावसात लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका. आतला ओलावा आतच कोंडतो. रोज अर्धा तास चालवला तर तो स्वतःच्या उबेने सुकतो. आणि मूल सुट्टीला घरी आलं की अभ्यासाचं टेबल समुद्राकडच्या खिडकीतून काढून खाडीकडच्या खोलीत न्या.