अंधार नेमका कुठं असतो?

डिसेंबरात दिवस किती लहान होतो, ते मुकुटबनच्या मुलांना वेगळं सांगायला नको. कापूस वेचून माणसं शिवारातून घरी येतात न येतात, तोच अंधार पडतो. २२ डिसेंबरच्या सुमाराला तर वर्षातली सर्वांत मोठी रात्र असते.

नेमक्या याच दिवसांत ख्रिस्ती लोक 'आगमनकाळ' पाळतात. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवायच्या आणि दर रविवारी एक जास्त लावायची. ही पद्धत जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. तिथं योहान विखर्न गरीब मुलांना सांभाळायचे. "नाताळ कधी?" असं मुलं सारखी विचारायची. मग १८३९ साली त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक छोटी आणि रविवारी एक मोठी!

पण मेणबत्ती लावली, की काम संपलं का? छे! या काळात आपल्या मनातला अंधारही शोधायचा असतो. तो मोठा चिवट बरं का! कारण पुष्कळदा तो आपल्याला उजेडच वाटतो.

लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा ना. त्यांचे पती म्हणजे कवी नारायण वामन टिळक. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं टिळकांना 'नवा करार' दिला. तो वाचून, खूप विचार करून, १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलं! काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढं नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळं सुटेना. दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी म्हणजे विटाळ, हेच त्या लहानपणापासून शिकल्या होत्या.

मग एकदा त्या स्वतःच विचार करू लागल्या. देवानं माणसं केली, पण जाती कुणी केल्या? पशुपक्ष्यांत निरनिराळे प्रकार दिसतात, तसा फरक माणसामाणसांत दिसतो का? त्यांचं उत्तर ठरलं. यापुढं कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं! हे बाप्तिस्म्याच्या आधीच घडलं, बरं का. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. नवऱ्यानं केलं म्हणून नव्हे, स्वतःला पटलं म्हणून. ही सारी हकिगत त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलीय. मोठे झालात की जरूर वाचा.

आता तुम्ही सांगा. वर्गात कुणाच्या डब्यातलं खायला तुम्ही कचरता का? कुणाला पाण्याच्या माठापासून लांब उभं करतात का? तुमचा धर्म कोणताही असो, हा प्रश्न प्रत्येकासाठी आहे. चार रविवार हाताशी आहेत. पहिल्या रविवारी एवढंच करा. ज्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि आपला डबा त्याच्यापुढं धरा. त्यानं आपला पुढं केला, तर त्यातला घास मात्र नक्की घ्या!