तीन वऱ्हाडपांडे

सकाळी साडेनऊ

आल्या आल्या रात्रीच्या बिल्डचा निकाल बघते. आमचं ॲप्लिकेशन सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे. दाखल नोंदवही, सभासद, देवघेव, वर्गणी, सगळं त्यातच. वर जँगो, खाली पोस्टग्रेस. रोज रात्री एक कोरा डेटाबेस उभा राहतो आणि त्यावर अगदी पहिल्या मायग्रेशनपासून कालच्यापर्यंत सगळी मायग्रेशन्स क्रमानं चालतात.

मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला एकेक बदल, फाइलमध्ये लिहून ठेवलेला. अमुक टेबलात हा कॉलम वाढवा, तो काढा, इकडची माहिती तिकडे हलवा. कोणतं चालून गेलं याची नोंद त्याच डेटाबेसातल्या एका टेबलात राहते. जँगोत ही सोय २०१४ साली १.७ या आवृत्तीपासून अंगभूत आली. त्याआधी अँड्र्यू गॉडविन यांचं साउथ हे वेगळं पॅकेज लोक वापरत. जँगोमधली नवी यंत्रणाही त्यांनीच लिहिली, किकस्टार्टरवर लोकवर्गणी जमवून. रोज त्यावर काम करणाऱ्या मला त्या वर्गणीदारांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

आज बिल्ड लाल आहे, पण कारण साधं आहे. दोघांनी आपापल्या ब्रँचवर एकाच मायग्रेशनच्या पुढे नवं मायग्रेशन लावलं. आधी कोणतं चालवायचं हे जँगोला ठरवता येत नाही, म्हणून तो थांबतो. एकाला दुसऱ्याच्या मागे लावलं, क्रमांक बदलला, झालं.

सव्वादहा

आजचं मोठं काम लेखकांचं. आजवर लेखकाचं नाव पुस्तकाच्या टेबलातच साध्या मजकुराच्या कॉलमात होतं. ज्यानं जसं टाइप केलं, तसं. आता लेखकांचं स्वतंत्र टेबल करायचं, प्रत्येक पुस्तक त्याला जोडायचं आणि एकच नाव दोनदा येऊ नये म्हणून युनिक कन्स्ट्रेंट लावायचा.

हे सगळं एका फाइलीत करत नाही. पहिलं मायग्रेशन नवं टेबल आणि रिकामा राहू शकणारा कॉलम आणतं. दुसरं माहिती हलवतं. कन्स्ट्रेंट लावणं आणि जुना कॉलम काढणं पुढच्या रिलीजमध्ये. डिप्लॉय चालू असताना काही काळ जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर बोलत असतात, तेव्हा जुन्या कोडला त्याचा कॉलम जागेवर सापडलाच पाहिजे. शिवाय एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदी बदलून लगेच त्याच टेबलाची रचना बदलायला गेलं, तर फॉरेन कीच्या तपासण्या शिल्लक आहेत म्हणून पोस्टग्रेस नकार देऊ शकतो.

चाचणीचा सांगाडा असा. मायग्रेशन एक्झिक्यूटरला सांगायचं की डेटाबेस या बदलाच्या आधीच्या टप्प्यावर ने. तिथे त्या वेळच्या मॉडेलांतून जुन्या नोंदी घालायच्या. मग पुढे न्यायचं आणि नव्या मॉडेलांतून वाचून बघायचं. आजच्या मॉडेलांना हात लावायचा नाही. मायग्रेशनला मिळणाऱ्या त्या जुन्या मॉडेलांत कॉलम असतात, पण आपण लिहिलेल्या मेथड नसतात, त्यामुळे ‘सेव्ह’मध्ये घातलेली खास वागणूक तिथे चालत नाही. कुणी मायग्रेशनमध्ये आजचं मॉडेल थेट इम्पोर्ट केलं तर ते आज सुरळीत चालतं. पुढे त्या मॉडेलात नवा कॉलम आला, की कोऱ्या डेटाबेसवर हेच जुनं मायग्रेशन टेबलात अजून नसलेला कॉलम मागत कोसळतं. रात्रीचा बिल्ड मी लावून घेतला तो यासाठी.

नुकताच रुजू झालेला सहकारी शेजारी बसलाय.

“ताई, बाकी सगळ्या टेस्ट ‘टेस्टकेस’मध्ये आहेत. ही एकटीच ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’ का?”

“अरे, टेस्टकेस सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि शेवटी मागे फिरवतो. प्रॉडक्शनवर मायग्रेशन तसं चालत नाही. आणि कन्करंटली इंडेक्स ट्रान्झॅक्शनच्या आत बनवताच येत नाही.”

“मग हळू चालेल ही.”

“चालू दे. ही रोज प्रत्येक सेव्हला चालवायची टेस्ट नाही.”

अकरा

सांगाडा लिहायला वेळ लागत नाही. वेळ लागतो नोंदी निवडायला, आणि माझ्या मते चाचणीची सगळी किंमत तिथेच ठरते. रिकाम्या टेबलावर जवळजवळ कुठलंही मायग्रेशन पास होतं. ‘लेखक १’, ‘लेखक २’ अशा नोंदींवरही होतं. प्रॉडक्शनवर मात्र अनेक हातांनी, अनेक कीबोर्डांवरून, अनेक वर्षं भरलेली नावं असतात. मायग्रेशन चालतं एकदाच, आणि चालतं त्या नावांवर. कॉलम तयार झाला की नाही हे तपासणारी चाचणी मला अपुरी वाटते, कारण कॉलम तर होणारच. त्या वाटेवर एखाद्या माणसानं केलेली नोंद हरवली का, हे मला बघायचं असतं.

म्हणून चाचणीत ज्या नोंदी घालते त्या खऱ्यांसारख्याच अस्ताव्यस्त असतात. लेखकाचा कॉलम नल असलेलं पुस्तक. रिकामी स्ट्रिंग असलेलं पुस्तक, आणि नुसत्या स्पेस भरलेलं. पोस्टग्रेसचा युनिक कन्स्ट्रेंट नल कितीही असले तरी खपवून घेतो, पण दुसऱ्या रिकाम्या स्ट्रिंगला अडतो. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पु. ल.’. एकाच चौकटीत दोन लेखक, मध्ये ‘व’. ‘वि. वा. शिरवाडकर’ आणि ‘कुसुमाग्रज’. ‘चिं. त्र्यं. खानोलकर’ आणि ‘आरती प्रभू’. आणि वऱ्हाडपांडे हे आडनाव तीनदा, तीन वेगळ्या प्रकारे टाइप केलेलं.

साडेबारा

चाचणी लाल. अपेक्षित वऱ्हाडपांडे एक, मिळाले दोन.

पडद्यावर तिन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात. पहिल्यात ऱ हे एकच अक्षर आहे, युनिकोडमधला क्रमांक ०९३१. दुसऱ्यात साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता. तिसऱ्यात र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. तो आला की र आडवा होऊन पुढच्या ह ला चिकटतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही रीत मान्य आहे, आणि जुन्या नोंदींत ती भरपूर सापडते. पोस्टग्रेस अक्षरांचे क्रमांक बघतो. त्याच्या लेखी ही तीन निराळी नावं, तीन निराळे लेखक.

मायग्रेशनमध्ये एनएफसी नॉर्मलायझेशन आधीच होतं. पहिली दोन त्यानं एक झाली, कारण र आणि नुक्ता म्हणजेच ऱ हे युनिकोडच्या नियमातच आहे. जॉइनरवाला तिसरा त्या नियमात बसत नाही. सहकारी म्हणतो, सगळे जॉइनर उडवूया. नको. हलन्तानंतर जॉइनर मुद्दाम घालून अर्धं अक्षर सुटं दाखवणारेही लोक आहेत, आणि त्यांचा मजकूर बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. फक्त र, हलन्त, जॉइनर हा नेमका क्रम सापडला तर त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा. तेवढंच लिहिलं. वऱ्हाडपांडे एक झाले.

नॉर्मलायझेशन एसक्यूएलमध्येच करता येतं. २०२० साली आलेल्या पोस्टग्रेस १३ पासून त्यासाठी फंक्शन आहे. मोठ्या टेबलावर ते पायथनमध्ये एकेक नोंद आणण्यापेक्षा कितीतरी जलद, म्हणून जेवायला जाण्याआधी तेवढा भाग तिकडे हलवला. चाचणी तीच, अक्षरही न बदलता पुन्हा हिरवी. चाचणी परिणाम तपासत असेल तर आतली पद्धत अशी निर्धास्तपणे बदलता येते.

दोन

एका तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना फोन. बदल त्यांच्याच नोंदींवर होणार आहे.

“सर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर वेगळे ठेवायचे ना?”

“वेगळेच ठेवा मॅडम. कविता मागायला येणारा आरती प्रभू म्हणतो, ‘कोंडुरा’ मागणारा खानोलकर म्हणतो. हवं तर एकाच्या नोंदीवर दुसऱ्याचा संदर्भ द्या.”

“आणि शिरवाडकर, कुसुमाग्रज?”

“‘नटसम्राट’वर शिरवाडकर, ‘विशाखा’वर कुसुमाग्रज. पुस्तकावर जे छापलंय ते.”

“‘व्ही. जोशी’ नावावर बरीच पुस्तकं दिसतात.”

“ते एक जोशी नाहीत हो. कपाटातून पुस्तकं काढून बघावी लागतील. तुम्ही यादी पाठवा, मी बघतो.”

फोन ठेवल्या ठेवल्या त्यांचं म्हणणं चाचणीत लिहिते. मायग्रेशननंतर आरती प्रभू आणि खानोलकर या दोन नोंदी असल्याच पाहिजेत, एक झाली तर चाचणी पडली पाहिजे. स्पेसचा फरक काढून टाकला की पु. लं.च्या पहिल्या दोन नोंदी एक होतात, तेवढं यंत्र करेल. आडनाव आधी असलेली तिसरी नोंद, ‘व’नं जोडलेले लेखक, व्ही. जोशी, यातलं काहीही मायग्रेशन आपल्या मनानं ठरवणार नाही. अशा नोंदी वेगळ्या टेबलात जातील आणि ग्रंथपाल ठरवतील. पुस्तक ज्यांनी हातात घेतलंय त्यांनीच हे ठरवावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

साडेतीन

आता कुलपं. पोस्टग्रेसमध्ये कॉलम वाढवणाऱ्या ‘ऑल्टर टेबल’ला पूर्ण मक्तेदारीचं लॉक लागतं, साध्या वाचनालाही आडवं येणारं. रिकामा राहू शकणारा कॉलम क्षणात तयार होतो. पण आधीच एखादी लांब क्वेरी त्या टेबलावर चालू असेल, तर ऑल्टर तिच्यामागे थांबतो आणि नंतर आलेलं प्रत्येक वाचन ऑल्टरमागे. वर्षअखेरच्या अहवालाची क्वेरी चालू असताना एवढासा बदल केला, तरी देवघेवीच्या काउंटरवरचा स्क्रीन गोठू शकतो.

हे चाचणीत पकडता येतं. दुसरं कनेक्शन उघडायचं, ट्रान्झॅक्शन सुरू करून पुस्तकाच्या टेबलावर एक वाचन करायचं आणि ते तसंच उघडं ठेवायचं. मग मायग्रेशन चालवायचं. आमच्या मायग्रेशनच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट दोन सेकंदांचा आहे, त्यामुळे त्यानं दोन सेकंदांत हार मानली पाहिजे. मग तिसऱ्या कनेक्शनवरून वाचून बघायचं, लगेच उत्तर आलं पाहिजे. आलं.

पुढच्या रिलीजमधल्या ‘नॉट नल’चीही आखणी आताच करते. सरळ लावला तर लॉक धरून सगळं टेबल तपासलं जातं. त्याऐवजी आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून चेक कन्स्ट्रेंट, मग वेगळ्या मायग्रेशनमध्ये त्याची तपासणी, जी वाचन-लेखन अडवत नाही, आणि शेवटी नॉट नल. पोस्टग्रेस १२ पासून तो चेक आधार म्हणून चालतो आणि टेबल पुन्हा पूर्ण वाचावं लागत नाही.

सहकाऱ्याचा प्रश्न रास्त आहे: हे सगळं एसक्यूलाइटवर मेमरीत चालवलं तर झटपट होईल ना? होईल, पण मग चाचणी दुसऱ्याच गोष्टीची होईल. एसक्यूलाइटमध्ये अशी टेबलवार कुलपंच नाहीत, कॉलमची लांबी तो पाळत नाही, आणि कित्येक बदलांसाठी जँगो तिथे नवं टेबल बांधून माहिती त्यात उतरवतो. मायएसक्यूएलची तऱ्हा आणखी वेगळी. रचना बदलणारी आज्ञा आली की चालू ट्रान्झॅक्शन तिथेच कमिट होतं, म्हणजे अर्ध्यात पडलेलं मायग्रेशन अर्धंच राहतं. प्रॉडक्शनवर जी पोस्टग्रेसची आवृत्ती, तीच कंटेनरमध्ये. यात मी सूट देत नाही.

पाच

उलटी वाट. पुढे नेलं, मागे आणलं, आणि जुन्या कॉलमातली प्रत्येक नोंद अक्षरशः पूर्वीसारखी आहे का ते ताडून पाहिलं. जॉइनरवाले वऱ्हाडपांडेसुद्धा जॉइनरसकट परत यायला हवेत. आले, कारण जुन्या कॉलमाला आपण अजून हातच लावलेला नाही. पुढच्या रिलीजमध्ये तो कॉलम काढला की ही वाट बंद होईल. तिथे मागे जाण्याची वाट मी मुद्दाम बंद ठेवणार आहे. कॉलम रिकामा परत आणून ‘मागे आलो’ म्हणणं फसवं आहे. उलटा मार्ग न दिलेली पायथनची पायरी त्यात असली, की ते मायग्रेशन जँगो मागे नेतच नाही, स्पष्ट एरर देतो. रात्री घाईत रोलबॅक करणाऱ्याला ती एरर दिसलेली बरी.

सहा

पुल रिक्वेस्ट उघडली. वर्णनात कोणत्या जुन्या नोंदींवर चाचणी केली तेच आधी लिहिलंय, कोड खाली कुणीही वाचेल. रिव्ह्यू करणारीनं विचारलं, ही संथ टेस्ट कायम ठेवायची का? नाही. प्रत्येक वाचनालयाच्या डेटाबेसवर हे मायग्रेशन चालून गेलं, की टेस्ट काढून टाकायची. तोवर ती मुख्य ब्रँचच्या प्रत्येक बिल्डमध्ये राहील.

ग्रंथपालांना यादी पाठवली. दोन-दोन नावं शेजारी, पुढे दाखल क्रमांक, आणि ‘एकच’, ‘वेगळे’, ‘माहीत नाही’ असे तीन पर्याय. तिसरा पर्याय त्यांनी मागितला नव्हता, मी घातला. त्यांची उत्तरं येईपर्यंत युनिक कन्स्ट्रेंटचं मायग्रेशन रिलीजबाहेर ठेवलं आहे.