करडई: काटा, घाणा आणि बाजार

परतीच्या पावसाची ओल जमिनीत असते तोवर अहमदपूर, चाकूर, कंधार, मुखेडच्या काळ्या शिवारात रब्बीची पेरणी उरकून घेतात. ज्वारी-हरभऱ्याच्या कडेनं करडईचे दोन-चार तास टाकायचे, ही इथली जुनी रीत. काट्यांमुळे मोकाट जनावर आत शिरत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी भाकरीसोबत ताटात येते, बी घाण्यावर जातं आणि पेंड गोठ्यात. कुंपण, भाजी, तेल आणि पेंड अशी चार कामं एकच झाड करतं.

मराठवाड्याला हे पीक मानवतं ते त्याच्या मुळामुळे. करडईचं सोटमूळ भारी जमिनीत दोन मीटरहून खोल उतरतं आणि इतर पिकांच्या हाती न लागणारी ओल शोधून काढतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आणावी लागली होती. अशा जिल्ह्यात पेरणीनंतर पाण्याची फारशी मागणी न करता चार-साडेचार महिन्यांत पदरात पडणारं तेलबियांचं पीक किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको.

तरीही करडई मागे पडली. पहिलं कारण काटा. काढणी पहाटे करावी लागते, कारण दवानं काटे जरा नरम पडतात. ऊन चढलं की हाताला फडकं गुंडाळूनही बोटं सोलवटतात, आणि त्या कामाला मजूर मिळत नाही. यावर संशोधकांनी उत्तर शोधलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिलेच, शिवाय ‘पीबीएनएस-40’ हा बिनकाट्याचा वाणही दिला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा ‘नारी-6’ही बिनकाट्याचा. कंबाईन हार्वेस्टरनं काढणी होते तिथे काट्याची अडचण जवळजवळ मिटते.

दुसरं कारण बाजार. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलाशी घाण्याच्या तेलाची गाठ पडली. पुढे सोयाबीननं शिवार व्यापलं. लातूरची बाजारपेठ सोयाबीन आणि तुरीच्या उलाढालीसाठी नावारूपाला आली, आणि करडई बांधावरूनही हटली. आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो.

आता गावोगावी लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत. बैलाची जागा विजेच्या मोटारीनं घेतली, पण काम तेच. बी आधी चाळून खडे-माती काढायची. जाणता घाणेवाला दोन दाणे दाताखाली फोडून बघतो: कडक टरफल फुटून आतला गर पांढरा निघाला की माल चांगला. मग बी उखळात पडतं, लाट संथ फिरते आणि तेल फारसं न तापता उतरतं. ताजं तेल गढूळ असतं. ते दोन-तीन दिवस स्थिर ठेवलं की गाळ तळाशी बसतो, मग वरचं निथळून घेतात.

या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे ते हवेनं आणि उजेडानं लवकर खवट होतं. म्हणून ते थोडं थोडं गाळून घ्यावं, अंधारात ठेवावं आणि तळणीत पुन्हा पुन्हा तापवू नये. याच गुणामुळे पातळ थर हवेत वाळून घट्ट होतो. जवसाच्या तेलासारखं ते पिवळं पडत नाही, म्हणून पांढऱ्या रंगांत आणि वार्निशात त्याला मान आहे. पाकळ्यांचा कुसुंबी रंग तर फार जुना. वाळलेल्या पाकळ्यांचा चहाही विकला जातो. ‘सफोला’ हे घरोघरी पोचलेलं नाव सुरुवातीला करडईच्या तेलाचंच होतं.

एक गोष्ट मनाला लागते. भारतातून गेलेल्या करडईच्या बियांत अमेरिकी संशोधकांना ओलिक आम्ल भरपूर असलेला, म्हणजे जास्त टिकणारा आणि तळणीला सोसणारा प्रकार सापडला. त्यातून कॅलिफोर्नियात 1966 मध्ये ‘यूसी-1’ हा वाण आला आणि तिथे त्याचा व्यापार उभा राहिला. गुण आपल्या बियांत होता. तो ओळखून बाजारात उतरवण्याचं काम दुसऱ्यांनी केलं.

इथे हिशेब मांडून बघू. 2026-27 च्या हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला 6,540 रुपये आहे. घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण चार किलो बी लागतं. म्हणजे नुसत्या बियांचेच 260 रुपये झाले. पेंडीचे पैसे वजा केले तरी मजुरी, वीज आणि बाटली वर चढतेच. त्याहून फार स्वस्तात ‘शुद्ध करडई’ मिळत असेल, तर गिऱ्हाइकानं बी कुठलं आणि कधी गाळलं, हे विचारलंच पाहिजे.

पामतेलाशी किमतीत झुंजून करडई जिंकणार नाही. तिची ताकद आहे ती ओळखीच्या शिवारातल्या ताज्या तेलात. गावच्या शेतकरी गटानं बिनकाट्याचं बियाणं एकत्र आणावं, शेजारच्या घाण्याशी हंगामाआधी भाव ठरवावा आणि बाटलीवर गावाचं नाव व गाळपाची तारीख छापावी. नांदेड-लातूरला यासाठी नवं काही शोधायचं नाही. जमीन, बियाणं आणि घाणा हाताशी आहेत. हवा आहे तो पेरणीआधी दिलेला खरेदीचा शब्द.