स्वयंप्रतिकार रोग

स्वयंप्रतिकार रोग म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच पेशींना परके समजून त्यांच्यावर हल्ला केल्यामुळे होणारे आजार. त्यांना ऑटोइम्यून आजार असेही म्हणतात. रुमेटॉइड संधिवात, ल्युपस आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह हे त्यांपैकी होत. स्वतःवर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी-पेशी छातीतील थायमस ग्रंथीतच बाद होतात. निसटलेल्यांना नियामक टी-पेशी आवर घालतात. या व्यवस्थेवरील संशोधनासाठी मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातील पाहणी

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. ४,०९२ प्रौढांच्या या पाहणीत रुमेटॉइड संधिवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. आकडा लहान वाटतो. पण दोनशे प्रौढांमागे एक रुग्ण म्हणजे मोठ्या गावात डझनभर घरे होतात. हा आजार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात सुरू होतो. म्हातारपणाचे दुखणे समजून तो अंगावर काढल्यास बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

उपचार

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन वापरले. आराम विलक्षण होता. मात्र स्टेरॉइडे सगळीच प्रतिकारशक्ती दडपतात आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ करतात. मेथोट्रेक्सेट हे आजही संधिवातावरील मुख्य औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

१९९२ साली लंडनमध्ये मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या एकाच रेणूला रोखणारे प्रतिपिंड रुग्णांना दिले. नेमक्या लक्ष्यावरील उपचारांचा मार्ग त्यातून खुला झाला. परंतु शरीरात सुप्त असलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही हाच रेणू करतो. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. भारतात ती टाळणे विशेष धोक्याचे.

२०२१ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे ल्युपसच्या एका तरुणीवर कार-टी पेशींचा उपचार झाला. रुग्णाच्याच टी-पेशींत बदल करून त्यांच्याकरवी सीडी१९ ही खूण असलेल्या बी-पेशी नष्ट केल्या जातात. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाच रुग्णांच्या अभ्यासात काही महिन्यांनी नव्या बी-पेशी तयार झाल्या, तरी आजार उलटला नाही. मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून घडलेली नेक्सकार१९ ही उपचारपद्धती याच खुणेवर चालते. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळालेली मान्यता मात्र बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी होती.